व्यंकटची सही

व्यंकटची सही फार देखणी होती. चाकणच्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात, गेटालगतच्या हजेरी-कागदांच्या खिडकीमागं, मी सव्वीस वर्षं काढली आहेत, म्हणजे सह्या या विषयातलं मला थोडंफार कळतं असं म्हणायला हरकत नाही. बहुतेकांची सही म्हणजे एक झटका आणि त्याला पुढं ओढलेली शेपटी. व्यंकट पूर्ण नाव लिहायचा. व्यंकट ज्ञानोबा तेलंगे. आधी सगळी अक्षरं सुटी सुटी मांडायची, मग त्यांच्या डोक्यावरून डावीकडून उजवीकडं एकच लांब रेघ, पट्टी न लावता सरळ. खाली दुसरी रेघ, आणि तिच्या टोकाला दोन ठिपके. हे सगळं स्वतःच्या पेनानं. खिडकीला दोऱ्यानं बांधलेलं आमचं पेन त्यानं तेरा वर्षांत एकदाही हातात धरलं नाही.

मागं रांग खोळंबायची. कुणीतरी ओरडायचं, "अरे राव, सही करतोय का रांगोळी काढतोय?" व्यंकटला ते ऐकूच जायचं नाही, कारण त्याच्या दोन्ही कानांत बुचं असायची. त्या बुचांबद्दल नंतर सांगते.

त्याचे वडील लातूरकडच्या एका खेड्यात रेशनच्या दुकानात अंगठा उठवायचे आणि शाई धोतराला पुसायचे. ते डाग निघायचे नाहीत. धोतर धुणाऱ्या आईची कटकट ऐकत व्यंकट मोठा झाला, आणि पाचवीत असताना गुरुजींच्या मागं लागून त्यानं ही सही बसवली. एवढी एक गोष्ट त्यानं मला आपणहून सांगितली होती. एरवी तो आपणहून बोलणाऱ्यांतला नव्हता.

आमच्याकडं कंत्राटी कामगारांचा करार सात महिन्यांचा असतो. सात महिने झाले की ब्रेक. महिनाभर घरी बसायचं, मग पुन्हा नवा माणूस म्हणून रुजू व्हायचं. नवा नंबर, नवं ओळखपत्र, नव्या सह्या. असं का, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी विचारत नाही. माझं काम कागदावर बोट ठेवायचं. "इथं, इथं, आणि मागं इथं." एका माणसाला दीड मिनिट. महिन्याच्या एक तारखेला ऐंशी-नव्वद माणसं असतात, त्याहून जास्त वेळ कुणाला देणार?

व्यंकट दर वेळी पेनाचं टोपण उघडायच्या आधी डाव्या कानातलं बूच काढायचा आणि विचारायचा, "मॅडम, ह्याच्यात काय लिव्हलंय?"

"तेच रे. मागच्यासारखंच."

"मागच्यासारखंच ना? मग ठीक हाय."

आणि रांगोळी सुरू. हा संवाद आमच्यात वीसेक वेळा झाला असेल. खरं सांगायचं तर तो करार मी तरी कुठं वाचला होता? इंग्रजीतली नऊ पानं. कंत्राटदार बदलला की वरचं नाव बदलायचं आणि आतलं सगळं तसंच असणार असं मी धरून चालायचे. वाचायची सवय मलाही नव्हती आणि मी ती दुसऱ्या कुणाला लागू दिली नाही.

बुचांचं असं. व्यंकट प्रेस शॉपला होता. पत्र्याचे भाग दाबून काढणारी ती मोठी मशिनं. दिवसभर धाड, धाड. कंपनी प्रत्येकाला दोरीत ओवलेले नारिंगी इअर प्लग देते. तपासणीला साहेब आले की ते कानात जातात, एरवी गळ्यात लोंबत असतात. व्यंकट एकटाच असा की गेटमधून आत शिरताना कानात घालायचा आणि गेटबाहेर बसची वाट बघतानाही काढायचा नाही. कुणी बोलायला लागलं की डावं बूच काढायचं, ऐकून घ्यायचं, परत बसवायचं. उजवं कधीच नाही. उजवं का नाही असं मी विचारलं तेव्हा म्हणाला, "एक कान घरी ठिवायचा असतोय."

मोशीला तो दोन खोल्यांत भाड्यानं राहायचा. घरमालकीण हिराबाई, जुन्या गावातली, तोंडानं फटकळ आणि हातानं सढळ. तिच्या मुलाच्या लग्नात दारात स्पीकरची भिंत उभी केली होती. तिनं आम्हा कंपनीतल्या दोघी-तिघींनाही बोलावलं होतं. व्यंकट कानांत बुचं घालून वरातीत नाचत होता, आणि कडेवरच्या तान्ह्या मुलीच्या कानांत कापूस. कापसावरून टोपरं, टोपऱ्यावरून मीराची ओढणी. मीरा म्हणजे त्याची बायको. हिराबाई मला म्हणाली, "ह्यो बगा आमचा भाडेकरू. ताल कळत न्हाई आन् नाचतोय. कशावर नाचतोय म्हनं?" मी त्याला विचारलं. डावं बूच काढून म्हणाला, "पायाला कळतंय की मॅडम. जमीन सांगतीय."

जमीन सांगते हे त्याचं खरंच होतं. एकदा दुपारच्या शिफ्टला त्यानं शेजारचं मशीन एकाएकी बंद केलं. लाल बटण दाबलं आणि उभा राहिला. मशीनवर नवा पोरगा होता, त्याचा हात आत जायच्या बेतात होता. व्यंकटचं म्हणणं, पायाखालचा ठोका बदलला होता. उघडून बघितलं तर डायचा, म्हणजे साच्याचा, एक बोल्ट निम्मा बाहेर आलेला. दोन-चार ठोक्यांत वरचा भाग सुटून खाली आला असता. पण तो बोल्ट शोधण्यात पाऊण तास लाइन थांबली, आणि लाइन थांबली की कुणाच्या तरी नावानं कागद निघावा लागतो. सुपरवायझरनं सांगितलं म्हणून मेमो मी टाइप केला. परवानगीशिवाय मशीन बंद केल्याबद्दल.

व्यंकट खिडकीशी आला. डावं बूच काढलं. "मॅडम, ह्याच्यात काय लिव्हलंय?"

या वेळी मागच्यासारखंच म्हणता येईना. मी खरं सांगितलं. "बरोबर हाय. मीच केलती बंद." मग त्यानं कागद उलटून मागं बघितलं. "हात वाचला ते कुठं लिव्हलंय?"

"त्याला रकाना नाही, व्यंकट."

"रकाना नाई व्हय," असं म्हणून त्यानं खाली सही केली. तीच सही, तेवढाच वेळ लावून, दोन ठिपक्यांसकट. स्वतःच्या विरुद्धच्या मेमोवर इतकी सुबक सही मी दुसरी पाहिली नाही. मला त्याचा राग आला होता. भांडला का नाही म्हणून. आता वाटतं, भांडायचं तर मी होते ना खिडकीच्या आत, पगारी, कायम.

कायम. कंपनीतला शब्द परमनंट. दर ब्रेकनंतर नवीन माणसांचं एक दिवसाचं ट्रेनिंग असतं. सुरक्षिततेचा एक व्हिडिओ दाखवतात, त्यात एक गोरा माणूस हेल्मेट न घालता पायऱ्यांवरून पडतो. व्यंकटनं तो माणूस वीसेक वेळा पडताना पाहिला. विशी-बाविशीच्या पोरांच्या मधोमध हा पस्तिशीचा नवा माणूस बसलेला. पडायच्या आधी हळूच शेजारच्याला सांगायचा, "आता पडतोय बघ." शिकवणारा शेवटी विचारायचा, काही शंका? व्यंकट हात वर करायचा. "बुचं कधी भेटतेल?" पोरं हसायची. शिकवणाऱ्यांच्या चार पिढ्या बदलल्या, शंका तीच राहिली.

गावाहून येताना तो माझ्यासाठी घरच्या तुरीची डाळ आणायचा, दर वेळी, कापडी पिशवीत. पिशवी मी धुऊन परत द्यायची. तीच पिशवी पुढच्या ब्रेकनंतर परत यायची. एकदा डाळ खिडकीतून आत सरकवत म्हणाला, "मॅडम, औंदा कायम करतेल का?" मी म्हटलं, बघू. माझ्या हातात काही नव्हतं. पण बघू म्हणायला काय जातं, म्हणून म्हटलं. असे बघू मी किती वाटले असतील, त्याची आता मोजदाद नको वाटते.

सदतिसाव्या वर्षी त्याचा ब्रेक आला आणि संपलाच नाही. नवीन कंत्राटदारानं सांगितलं, पस्तिशीच्या वरचे नकोत. या औद्योगिक पट्ट्यातल्या सगळ्याच कंपन्यांचं हे असंच आहे. चाकणला, भोसरीला, तळवड्याला, गेटवरचा माणूस आधार कार्डावरचं जन्माचं साल बघतो आणि कार्ड परत करतो. व्यंकट चार महिने गेटं फिरला. सांगवीत माझ्या घरीसुद्धा एकदा आला, कुठं चिठ्ठी देता का म्हणून. मी चहा दिला, चिठ्ठी देण्यासारखी माझी ओळख नव्हती. चहा पितानाही उजवं बूच कानात होतं. कारखाना सुटला तरी ते काही सुटलं नव्हतं.

मग एक दिवस तो कंपनीत हिशेब पुरा करायला आला. चेहरा उजळलेला. भोसरीतल्या कुणी एजंटानं रशियात काम लावून दिलं होतं. गोदामात हेल्पर. वर्षभराचा करार, आणि वर्ष झालं की तिथंच कायम.

"तिथं युद्ध चालू आहे ना रे?" मी विचारलं.

"ते लई लांब हाय म्हणत्यात, मॅडम. गोदाम शहरात हाय." मग खिडकीजवळ तोंड आणून, कुणाला कळू नये अशा आवाजात, "परमनंट हाय मॅडम. तेरा वर्षांनी."

त्या दिवशीचं पुढचं शेवटी सांगते. आधी मला दुसरं सांगायचं आहे, ते आधी सांगितलं नाही तर मी टाळीन.

तो गेला त्याच्या पुढच्या महिन्याची एक तारीख. जॉइनिंगचा दिवस, खिडकीपुढं नव्वद माणसं, त्यात प्रिंटर अडकलेला. अकराच्या सुमाराला फोन दोनदा थरथरला. व्यंकटनं एका कागदाचा फोटो पाठवला होता. अनोळखी लिपी, इंग्रजी अक्षरं उलटीसुलटी केल्यासारखी, खाली सहीसाठी मोकळी जागा. सोबत एक बोललेला निरोप, तो ऐकायला वेळ नव्हता. त्याखाली लिहिलं होतं, "मॅडम सही करायलोय. मागच्यासारखंच हाय ना."

मी अंगठा पाठवला. फोनमधला तो पिवळा अंगठा, वर केलेला. पाठवला आणि पुढच्या माणसाच्या कागदावर बोट ठेवलं.

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये मोशीच्या पुलावर गाडी अडकली तेव्हा मी तो निरोप ऐकला. आवाज दबका होता. "मॅडम, इथं कागद दिलाय. दहा मिनिटं दिल्यात. समदे वर्दीतले हायत, गोदाम काई दिसंना. पंजाबचा एक जण म्हणायलाय, सही करू नको, हे लष्कराचं हाय. मला काई कळंना झालंय. तुम्ही एवढे कागद बघितलेत, जरा बघून सांगा. तुम्ही नको म्हणलात तर नाई करत मी."

मी तिथंच फोन लावला. लागला नाही. रात्री, सकाळी, दुसऱ्या दिवशी दुपारी, लावतच राहिले. तिसऱ्या दिवशी त्याचाच निरोप आला. सही केली, ट्रेनिंगला आणलंय, बंदूक धरायला शिकवतायत, जेवण बरं आहे, थंडी फार आहे. माझ्यावर राग नाही, काही नाही. मी लिहिलं की व्यंकट, मी तो कागद वाचलाच नव्हता, मला ती भाषा येत नाही, तू कुणाला तरी सांग, आपल्या वकिलातीत फोन कर. त्याचं उत्तर, "असू द्या मॅडम. रांग असंल तुमची."

त्या वाक्यानं माझं जे झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. त्यानं शिव्या द्यायला हव्या होत्या.

त्यानंतर आठ-दहा निरोप आले असतील, तीन महिन्यांत. सगळे त्रोटक. शिकवणारा त्यांच्या भाषेत बोलतो, आम्ही समोरच्याचं बघून करतो. इथं काही शंका असं कुणी विचारत नाही. एकदा फोटो पाठवला. अंगाला मोठी होणारी हिरवी वर्दी, डोक्यावर टोप, आणि कानांत आमच्या कंपनीचे नारिंगी प्लग. दोरीसकट. खाली लिहिलं होतं, "इथं बुचं देत नाईत. आपलीच कामाला आली." शेवटचा निरोप असा होता, "मॅडम इथं जमीन थांबतच नाई. काय सांगतीय कळंना."

मग काही नाही. पाच महिने काही नाही. मीरा मोशीहून पुण्याला, पुण्याहून मुंबईला, कचेऱ्या धुंडाळत फिरली. कुणी म्हणालं बेपत्ता, कुणी म्हणालं जखमी, कुणी म्हणालं नावाचं स्पेलिंग सांगा. मी दर रविवारी जायचे तिच्याकडं. अर्ज लिहून द्यायचे. अंगठ्याचं तिला सांगायचं असं ठरवून जायचे आणि अर्ज लिहून परत यायचे.

एका दुपारी हिराबाईच्या अंगणात रुग्णवाहिका आली. आत लाकडी पेटी, पत्र्याच्या पट्ट्या मारून बंद केलेली. सोबत सरकारी कचेरीतून आलेला एक माणूस, तिशीचा, घामाघूम, अगदी सभ्य. पेटी इथून लातूरकडं गावी न्यायची होती, आठ-नऊ तासांचा रस्ता, आणि त्याआधी ताबा मिळाल्याच्या कागदांवर सही हवी होती. ड्रायव्हर गाडी चालूच ठेवून उभा होता.

मीरा म्हणाली, "उघडा."

"ताई, उघडायला परवानगी नाहीये," तो माणूस म्हणाला. "उघडण्यासारखं नसतं."

"मग आत तेच हायत कशावरून?"

त्याच्याकडं कागद होते. त्यानं ते क्लिप असलेल्या फळीवर लावले, बोट ठेवलं. "इथं, इथं, आणि मागच्या पानावर इथं."

शब्दसुद्धा माझेच.

मीरानं फळी घेतली आणि माझ्यापुढं धरली. "मॅडम, त्यांचा कागद तुम्हीच वाचला होता. ते म्हणाले होते मला फोनवर, मॅडमनं वाचून हो म्हणलंय, काळजी करू नको. हा बी वाचा."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. तिला खरंच वाटत होतं की मी वाचला होता. हिराबाई होती, शेजारपाजारचे होते, व्यंकटची नऊ वर्षांची मुलगी दारात उभी होती. मी म्हटलं, "मीरा, मी तो वाचला नव्हता. मला ती भाषा येत नाही. समोर रांग होती. न वाचताच मी अंगठा पाठवला."

मीरानं माझ्याकडं बघितलं. मग तिनं फळी आणखी पुढं केली.

"आता वाचा," ती म्हणाली.

मी वाचलं. इंग्रजीतली चार पानं, उन्हात उभी राहून, प्रत्येक ओळ आधी इंग्रजी, मग मराठी. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी एक कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला. कचेरीतला माणूस दोनदा म्हणाला, "मॅडम, ते नेहमीचंच आहे." मी वाचत राहिले. नाव, पासपोर्ट, पेटीचं वजन. मग दुसऱ्या पानावर आलं की मृत व्यक्ती आपखुशीनं आणि कराराच्या सर्व अटी समजून घेऊन सैन्यात दाखल झाली होती.

"परत वाचा," मीरा म्हणाली.

मी परत वाचलं.

"हे खोडा."

"ताई, छापील आहे ते. खोडता येत नाही. तुमचं काही म्हणणं असेल तर त्याला यात रकाना नाहीये."

शेवटच्या पानामागं कराराची झेरॉक्स जोडली होती. तीच उलटीसुलटी अक्षरं जी माझ्या फोनमध्ये होती. आणि खाली, त्या सगळ्या परक्या लिपीच्या पायथ्याशी, देवनागरीत, व्यंकट ज्ञानोबा तेलंगे. वरची रेघ सरळ. खालची रेघ सरळ. दोन ठिपके. दहा मिनिटं दिली होती त्याला, वर्दीतली माणसं डोक्यावर उभी होती, आणि त्यानं रांगोळी पुरी केली होती. आपला माणूस हो म्हणाला आहे म्हटल्यावर रेघ कशाला वाकडी जाईल?

मीरानं त्या सहीवरून बोट फिरवलं. मग पेटीकडं बघितलं. "त्येच हायत," ती म्हणाली, आणि तेव्हा पहिल्यांदा ती रडली. पेटी आली तेव्हा नाही, तेव्हा.

डोळे पुसून तिनं माझ्याकडं पेन मागितलं. कचेरीतल्या माणसाचं घेतलं नाही. जिथं रकाना नव्हता तिथं, कागदाच्या कडेला, तिनं उभ्या ओळीत लिहिलं, "मला वाचून दाखवलं. आपखुशीनं हे खोटं आहे. त्यांना वाचून दाखवलं नव्हतं." त्याखाली सही केली. पूर्ण नाव, वर एक रेघ, खाली एक रेघ, दोन ठिपके. नवऱ्यानंच शिकवली असणार. त्या माणसानं काही म्हणायला तोंड उघडलं, हिराबाई त्याला म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ते तसंच. आमी हाय इथं." त्यानं कागद पाकिटात घातले.

गाडी गेली. मीरा पुढं ड्रायव्हरशेजारी, मुलगी तिच्या मांडीवर. जाताना ती माझ्याशी काही बोलली नाही. गावाहून परत आल्यावरही फार बोलत नाही. रविवारी मी जाते, अर्ज लिहिते, आता वाचूनही दाखवते. तिनं मला माफ केलंय का हे मी विचारलेलं नाही, आणि विचारणार नाही. तो प्रश्न तिच्या दारात नेऊन टाकायचा मला अधिकार नाही.

पुढच्या वर्षी मी निवृत्त होते. माझ्या खिडकीपुढची रांग हल्ली फार हळू सरकते अशी तक्रार वरपर्यंत गेली आहे. एका माणसाला बारा मिनिटं लागतात. पोरं कंटाळतात, म्हणतात मॅडम, द्या ना सही कुठं करायची ते. मी वाचते. घसा बसतो. बहुतेकांचं लक्ष फोनमध्ये असतं आणि सही शेवटी सगळेच करतात.

आता तो हिशेब पुरा करायचा दिवस. व्यंकटला मी पाहिलं ते त्या दिवशी शेवटचं. त्यानं ओळखपत्र परत केलं, लॉकरची किल्ली परत केली. ना-हरकतीच्या कागदावर मी बोट ठेवलं. त्यानं डावं बूच काढलं. "मॅडम, ह्याच्यात काय लिव्हलंय?" मी म्हटलं, "तेच." सही झाली. पेनाला टोपण लावून ते खिशाला अडकवलं, बूच बसवलं, हात जोडले आणि निघाला. पाठीवर काळी सॅक, मानेला थोडं पोक, पाय जमिनीवर नीट दाबून टाकायची ती त्याची चाल. त्याच्या मागं बरीच माणसं होती. मी पुढच्याला म्हटलं, "इथं, इथं, आणि मागं इथं."

व्यंकट गेटपर्यंत पोचला होता. कशावरून कुणास ठाऊक, त्यानं वळून बघितलं आणि माझे ओठ हलताना पाहिले. मी त्यालाच काही सांगते आहे असं त्याला वाटलं असावं. तो थांबला. डावं बूच काढलं. चार पावलं परत आला, मान तिरकी करून, तो उघडा कान माझ्याकडं करून.

"काय म्हणलात, मॅडम?"

"तुला नाही रे, व्यंकट," मी म्हटलं. "तू जा."